हृदयविकार आणि रक्तातील दाहाची खूण

पन्नाशी ओलांडलेला, अंगाने सडपातळ, तंबाखूला कधी न शिवलेला, सकाळी नेमाने फिरावयास जाणारा एखादा गृहस्थ एके दिवशी अकस्मात छातीत कळ येऊन कोसळतो. शेजारीपाजारी जमतात, रुग्णालयाची धावपळ होते, आणि मग घरची माणसे कपाटातले कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवतात. दोनच महिन्यांपूर्वी रक्त तपासून घेतलेले असते. साखर ठीक, कोलेस्टेरॉल मर्यादेत, रक्तदाबही बरा. ‘सगळे तर व्यवस्थित होते, मग हे झाले कसे?’ हा प्रश्न आज आपल्या देशात असंख्य घरांतून विचारला जातो. तो केवळ दुःखाच्या भरात विचारलेला प्रश्न नव्हे. वैद्यकशास्त्रानेही गेली कित्येक वर्षे तो स्वतःला विचारला आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा रक्तातील एका लहानशा प्रथिनापर्यंत जाऊन पोहोचला आहे.

त्या प्रथिनाचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. सी.आर.पी. ही त्याची तीन आद्याक्षरे २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत आपल्याकडे घरोघर ऐकू येऊ लागली. रुग्णाचा सी.आर.पी. किती आला, वाढला की उतरला, याची चर्चा पूर्वी ज्यांनी हा शब्द कधी कानी घेतला नव्हता अशी माणसेही करू लागली. परंतु हेच प्रथिन अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजले, तर ते माणसाच्या हृदयाच्या भवितव्याविषयीही काही सांगू शकते, ही गोष्ट मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही. ते नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार केल्याशिवाय त्या आकड्याला घाबरणेही बरे नाही आणि त्यावर विसंबणेही बरे नाही.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. पायात काटा रुतला किंवा बोटाला नखुरडे झाले, म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने नोंदून ठेवली, आणि आजही वैद्यकाचा विद्यार्थी ती त्याच क्रमाने पाठ करतो. दाह हा रोग नव्हे. ती शरीराची संरक्षणाची व्यवस्था आहे. जंतू शिरला किंवा इजा झाली की रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी त्या जागी धाव घेतात, शत्रूचा निकाल लावतात आणि मोडलेले सांधून परत फिरतात. आठ-दहा दिवसांत सारे शांत होते. पण कधी कधी असे होते की चिथावणारे कारण नाहीसे होतच नाही. मग दाहही विझत नाही. राखेखाली निखारा धुमसत राहावा, तसा तो वर्षानुवर्षे मंदपणे चालू राहतो. तो दुखत नाही, ताप आणीत नाही, आणि म्हणूनच कळतही नाही.

अशा दाहाची खूण रक्तात उमटते हा शोध हृदयरोगाचा अभ्यास करताना लागला नाही. तो लागला न्युमोनियाच्या अभ्यासात. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत न्युमोनियाच्या जंतूवर संशोधन चालू होते. १९३० साली तेथील विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. त्या जंतूपासून काढलेल्या एका शर्करायुक्त द्रव्याला त्यांनी ‘सी’ हे अक्षर दिले होते. आजाऱ्याच्या रक्तद्रवात ते मिसळले की साका खाली बसे. एरवी जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये रोगी बरा होऊ लागला म्हणजे रक्तात दिसू लागतात. येथे प्रकार नेमका उलटा होता. आजार भरात असताना ही प्रतिक्रिया जोरात होई, आणि रोगी बरा झाला की ती नाहीशी होई. पुढे असे आढळले की केवळ न्युमोनियातच नव्हे, तर इतर अनेक आजारांतही हे द्रव्य रक्तात दिसते. ‘सी’शी प्रतिक्रिया करणारे प्रथिन म्हणून १९४१ च्या सुमारास त्याचे आजचे नाव रूढ झाले. याच प्रयोगशाळेतून १९४४ साली आनुवंशिकतेचे द्रव्य डी.एन.ए. हेच होय, हा युगप्रवर्तक शोध बाहेर पडला, आणि त्या शोधातील एक भागीदार मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४७ साली सी.आर.पी.चे शुद्ध स्फटिकही तयार केले.

हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की तेथील पेशी इंटरल्युकिन-६ नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हे द्रव्य एखाद्या जासुदासारखे यकृताला वर्दी देते आणि यकृत सी.आर.पी. बनवू लागते. काही तासांत त्याचे रक्तातील प्रमाण वाढू लागते, दोन दिवसांत ते कळसाला पोहोचते आणि भारी आजारात ते नेहमीच्या शेकडो पटींनी चढू शकते. कारण दूर झाले की उतरतेही तितक्याच झपाट्याने. सुमारे १९ तासांत ते निम्मे होते. त्यामुळे १९५० नंतरच्या काळात संधिवाताचा ज्वर उतरला की अजून आत धुमसतो आहे, हे ठरविण्यासाठी डॉक्टर या तपासणीचा आधार घेत. त्या काळची मोजण्याची साधने ठोकळ होती. निरोगी माणसाच्या रक्तात हे प्रथिन इतके थोडे असते की ते त्या साधनांना दिसतच नसे, आणि निरोगी माणसात ते नसतेच असा समज बराच काळ होता.

आता दुसऱ्या बाजूने हृदयाकडे वळू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणी आतून अरुंद होतात, त्यांत गुठळी अडकते आणि स्नायूचा एक भाग रक्तावाचून मरतो, याला आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. रोहिणी अरुंद का होतात? बर्लिनचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हर्चो यांनी १८५६ च्या सुमारासच असे मत मांडले होते की हा रोहिणीच्या आतल्या थराचा दाह आहे. पण १९१३ साली रशियातील निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिणींत तशीच किटणे तयार झालेली दाखविली. पुढे १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी पाच हजारांहून अधिक लोकांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू झाली, आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध तीतून स्पष्ट झाला. साहजिकच जनमानसात एक चित्र ठसले. जुन्या नळाला आतून गंज चढावा, तशी रोहिणीला चरबी चिकटते आणि एके दिवशी नळ तुंबतो, असे ते चित्र होते.

हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. रोहिणी हा निर्जीव नळ नव्हे. ती जिवंत आहे. रक्तातील एल.डी.एल. नावाचे कोलेस्टेरॉलचे कण तिच्या अस्तरातून आत शिरून साठू लागले की शरीर त्यांना परके समजते. पांढऱ्या पेशी आत शिरतात, ते कण गिळतात, गिळून गिळून फुगतात आणि तेथेच मरून पडतात. त्यांच्या चिथावणीने आणखी पेशी येतात. त्या साऱ्या साठ्यावर शरीर तंतूंचे एक झाकण तयार करते. झाकण जाड व घट्ट असेल, तर माणूस त्या किटणासह शंभर वर्षेही जगेल. पण आतला दाह ते झाकण हळूहळू कुरतडतो. एखाद्या क्षणी ते फाटते, आतला मळ रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत तेथे गुठळी धरते. म्हणून पुष्कळदा जी रोहिणी फारशी अरुंद झालेली नव्हती, तीतच अनर्थ घडतो. १९९९ साली अमेरिकेतील रसेल रॉस यांनी रोहिणीकाठिण्य हा दाहजन्य रोग आहे असा स्पष्ट सिद्धांत मांडला, तेव्हा व्हर्चोंच्या जुन्या मताला जणू दीड शतकाने न्याय मिळाला. चरबी आणि दाह यांत वाद नाही, जोडी आहे. चरबी हे सरपण, तर दाह हा अग्नी.

हा अग्नी जिवंत माणसात, झटका येण्यापूर्वी, ओळखता येईल काय? या प्रश्नाला वळण मिळाले ते १९९७ साली. अमेरिकेत १९८२ साली २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. दिवसाआड ॲस्पिरीन घेतल्याने हृदयविकार टळतो काय, हे त्यात पाहावयाचे होते. त्या वेळी सहभागी डॉक्टरांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले होते. पुढच्या वर्षांत त्यांपैकी ५४३ जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा नीलेत गुठळी असा आघात झाला. बॉस्टन येथील पॉल रिडकर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या ५४३ जणांचे जुने रक्त आणि तितक्याच निरोगी राहिलेल्यांचे जुने रक्त अतिसूक्ष्म पद्धतीने तपासले. ज्या दिवशी रक्त घेतले त्या दिवशी हे सारेच धडधाकट होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही सी.आर.पी. ज्यांचा सर्वांत वरच्या चौथाईत होता, त्यांना झटका येण्याचा धोका खालच्या चौथाईच्या तिप्पट, आणि रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचा दुप्पट निघाला. आणखी एक गोष्ट दिसली. ॲस्पिरीनमुळे झटक्याचा धोका वरच्या चौथाईत निम्म्याहून अधिक कमी झाला, तर खालच्या चौथाईत तो जेमतेम १४ टक्क्यांनी घटला. ॲस्पिरीन गुठळी रोखते तसे ती दाहही शमविते, म्हणून या निरीक्षणाला महत्त्व आले. मात्र एवढ्यावरून निरोगी माणसाने मनाने रोज ॲस्पिरीन घेऊ नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांनी दाखविले की पूर्वी हृदयरोग नसलेल्यांना तीपासून मिळणारा थोडा लाभ रक्तस्रावाच्या धोक्याने बव्हंशी फिटून जातो.

पाठोपाठ स्त्रियांचाही अभ्यास झाला. २००२ साली २७,९३९ अमेरिकन स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठ वर्षांत ज्या स्त्रियांना आघात झाला, त्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांचे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल १६० पेक्षा कमी होते, आणि ४६ टक्के स्त्रियांचे तर १३० पेक्षाही कमी. आरंभी वर्णन केलेल्या गृहस्थाच्या घरचा प्रश्न या आकड्यांतून किती स्पष्ट ऐकू येतो! याच स्त्रियांचा तीस वर्षांचा वृत्तान्त २०२४ साली बाहेर आला. आरंभी एकदा घेतलेल्या रक्तात सी.आर.पी. सर्वांत वरच्या पंचमांशात असलेल्या स्त्रियांना खालच्या पंचमांशापेक्षा ७० टक्के अधिक धोका आढळला, एल.डी.एल.च्या बाबतीत हाच फरक ३६ टक्के होता. तीस वर्षांपूर्वीचे एक रक्त इतक्या दूरचे भाकीत करू शकते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तपासणीचे आकडे समजण्यास अवघड नाहीत. या कामासाठी साधी सी.आर.पी. तपासणी उपयोगी नाही. अतिसंवेदनशील, म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटी पद्धतीचीच हवी. २००३ साली अमेरिकेत ठरलेल्या मापाप्रमाणे दर लिटर रक्तद्रवात १ मिलिग्रॅमपेक्षा कमी सी.आर.पी. असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम, आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त समजतात. कागदावरचे एककही नीट वाचावे. काही प्रयोगशाळा दर डेसिलिटरचा आकडा देतात, तेथे ०.३ लिहिले असेल तर ते लिटरमागे ३ असेच समजावयाचे. आणि आकडा १० च्या वर गेला, तर त्याचा हृदयाशी संबंध जोडू नये. त्या वेळी सर्दीपडसे, दाताचे गळू, मूत्रमार्गाचा दोष, संधिवात, नुकतीच झालेली इजा असे दुसरे कारण शोधावे, आणि ते शमल्यावर पुन्हा तपासावे. एकाच दिवसाच्या आकड्यावर निकाल देण्यापेक्षा दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून सरासरी घेणे अधिक विश्वसनीय होय. या तपासणीसाठी उपाशीपोटी राहावे लागत नाही.

येथपर्यंत ऐकल्यावर कोणासही असे वाटेल की, मग हे प्रथिनच सारा अनर्थ करते; ते कमी करणारे औषध मिळाले म्हणजे काम झाले. येथेच थांबून विचार करावयास हवा. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे उदाहरण आपल्याकडील नैयायिकांनी शतकानुशतके शिष्यांना शिकविले. सी.आर.पी. हा असा धूर आहे. परंतु धूर म्हणजे अग्नी नव्हे. धूर हातपंख्याने उडवून लावला म्हणून घर जळावयाचे थांबत नाही.

ही केवळ उपमा नाही. ती तपासून पाहिली गेली आहे. काही माणसांत जन्मतःच अशी आनुवंशिक घडण असते की त्यांचा सी.आर.पी. आयुष्यभर इतरांहून थोडा चढा राहतो. हे प्रथिनच जर रोग घडवीत असेल, तर अशा माणसांत हृदयरोग अधिक आढळला पाहिजे. तो तसा आढळला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फार मोठ्या आनुवंशिक अभ्यासाने सी.आर.पी. हे प्रत्यक्ष कारण नसावे, असाच निष्कर्ष काढला. याउलट यकृताला वर्दी देणारे जे इंटरल्युकिन-६, त्याच्या मार्गात जन्मतःच थोडी अडवणूक असलेल्या माणसांत हृदयरोग कमी असल्याचे २०१२ साली दिसून आले. म्हणजे धूर निर्दोष आहे, पण त्याने दाखविलेली दिशा खरी आहे.

नैयायिकांची दुसरी सूचनाही येथे तितकीच लागू पडते. धूर असेल तेथे अग्नी असतो. पण अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसेच कोणाचा सी.आर.पी. एकाहून कमी आला, म्हणून रोहिणी स्वच्छ आहेत अशी ग्वाही मिळत नाही. ज्याची साखर वाढलेली आहे, रक्तदाब चढा आहे, जो विडी-सिगारेट ओढतो, त्याने या एका आकड्याच्या आधारावर निश्चिंत होणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय.

मग दाह शमविल्याने झटका टळतो काय? २००८ साली ज्यूपिटर नावाच्या प्रयोगात कोलेस्टेरॉल बेताचे, पण सी.आर.पी. २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ लोकांना रोसुव्हास्टॅटिन हे औषध किंवा निर्गुण गोळी देण्यात आली. दोन वर्षेही उलटण्यापूर्वी प्रयोग थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत आघातांचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झाले होते. पण हे औषध कोलेस्टेरॉलही निम्म्याने उतरविते. तेव्हा श्रेय कोणाचे, हा वाद उरलाच. तो मिटविण्यासाठी २०१७ साली पूर्ण झालेल्या कँटोस नावाच्या प्रयोगात, पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे औषध वापरले गेले. ते केवळ दाहावर काम करते. कोलेस्टेरॉलला हात लावीत नाही. मधल्या मात्रेने आघात १५ टक्क्यांनी घटले. व्हर्चोंचे म्हणणे अशा रीतीने माणसावर प्रत्यक्ष सिद्ध झाले. पण त्याची किंमतही द्यावी लागली. औषध घेणाऱ्यांत प्राणघातक जंतुसंसर्ग अधिक झाले, आणि एकंदर मृत्यूंत फरक पडला नाही. शेवटी दाह ही संरक्षणाची व्यवस्था आहे. पहारेकऱ्याला झोपविले तर चोरही आत येणार. पुढे मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाचा प्रयोग झाला, त्याने सी.आर.पी. उतरला नाही आणि आघातही कमी झाले नाहीत.

सर्वांत कुतूहलाची गोष्ट कोल्चिसिनची. वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर, शतकानुशतके वापरले जाणारे हे जुने औषध. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर आणि रानात लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन चढणारी जी कळलावी, तिच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते, आणि म्हणूनच ती वेल विषारी आहे. तिच्याशी घरगुती प्रयोग करणे प्राणावर बेतणारे ठरते. शुद्ध कोल्चिसिन अर्धा मिलिग्रॅम रोज दिल्याने हृदयरुग्णांतील आघात कमी होतात, असे २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या प्रयोगांत दिसले. एकात २३ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के. २०२३ साली अमेरिकेत त्याला या कामासाठी परवानगीही मिळाली. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, सात हजारांहून अधिक रुग्णांवरील आणखी एका प्रयोगात झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा लाभ दिसला नाही. शास्त्र असेच चालते. एका पावलाने पुढे गेल्यावर दुसरे पाऊल ते चाचपून टाकते.

भारतीय माणसाला या साऱ्याचे महत्त्व अधिक का वाटावे? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील पाहणीत असे दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे सहा वर्षे उशिरा येतो. कर्त्या माणसाच्या आयुष्यातील ही सहा वर्षे म्हणजे मुलांचे शिक्षण, लग्नकार्ये, घराचे कर्ज फेडण्याचा काळ होय. याचे एक कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखविले की भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी आतून पुष्कळदा स्थूल असतो. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली! ही पोटातली चरबी निष्क्रिय साठा नसते. तीच इंटरल्युकिन-६ रक्तात सोडीत राहते, आणि यकृताला अखंड वर्दी पोहोचवीत राहते. आरंभीचा सडपातळ गृहस्थ आठवा. त्याच्या सदऱ्याखाली सुटलेले लहानसे पोट कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आणि येथेच या तपासणीचा खरा व्यावहारिक अर्थ हाती लागतो. सी.आर.पी. चढा आला, तर महागडे औषध शोधत फिरण्याची गरज सहसा नसते. पोटाचा घेर उतरला, नियमित व्यायाम झाला, तंबाखू सुटली, हिरड्यांचे जुने दुखणे दंतवैद्याकडून बरे करून घेतले, की हा आकडा बहुधा उतरतो. हिरड्यांतून रक्त येणे आपण किरकोळ समजतो. पण तोही शरीरात रात्रंदिवस धुमसणारा दाहच आहे. त्या ५२ देशांच्या पाहणीनेही हेच सांगितले होते की झटक्याच्या धोक्याचा नव्वद टक्के भाग नऊ परिचित कारणांत सामावलेला आहे, आणि धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर ही त्यांत आघाडीवर आहेत. म्हणजे रक्तातील नवी खूण जुन्या शत्रूंकडेच बोट दाखविते. फरक एवढाच की ज्याला आपल्याकडे ते शत्रू नाहीत असे वाटत होते, त्याला ती जागे करते.

ही तपासणी सर्वांनी करावी काय, याविषयी जाणत्यांत एकमत नाही. २०१८ साली अमेरिकेतील प्रतिबंधक उपायांविषयी शिफारस करणाऱ्या शासकीय मंडळाने पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. २०२५ साली तेथीलच हृदयरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने ती सर्रास करावी असा कौल दिला. सामान्य माणसाने या मतभेदाने गोंधळून जाऊ नये. ज्याचा धोका उघडच जास्त आहे, त्याला उपचार तसेही हवेतच. ज्याच्या बाबतीत डॉक्टरांना औषध सुरू करावे की थांबावे असा संशय आहे, किंवा ज्याच्या घराण्यात वडील वा भाऊ अकाली गेले आहेत, त्याच्यासाठी हा आकडा तराजूचे पारडे झुकविण्यास उपयोगी पडतो. मात्र छातीत दडपण आले, घाम सुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर सी.आर.पी. तपासण्यात वेळ दवडू नये. ती वेळ तडक रुग्णालय गाठण्याची आहे. तेथे हृदयाचा आलेख काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन पाहतात.

‘सगळे तर व्यवस्थित होते,’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले, तेथे वस्तुतः सगळे व्यवस्थित नव्हते. जे पाहिले तेवढे व्यवस्थित होते. न पाहिलेले आणखी थोडे पाहण्याचे एक साधन आज उपलब्ध झाले आहे. एका चमचाभर रक्ताने सारे आयुष्य वाचता येत नाही. परंतु धूर वेळीच दिसला, आणि तो दिसल्यावर पंखा हाती घेण्याऐवजी चुलीतले लाकूड मागे ओढण्याची बुद्धी झाली, तर एखाद्या घरातील कर्ता माणूस आणखी दहा-वीस वर्षे आपल्या माणसांत राहील. तपासणीच्या कागदावरच्या त्या लहानशा आकड्याचे मोल एवढेच आहे, आणि ते थोडे नव्हे.